घरात पोट्ट्याला माता निघाली अन् यांचं ट्रान्सप्लांट झालेलं, आता काय करू?

दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं. नाव छापू नका म्हणाल्या म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देते:

"यांना ब्लड कॅन्सर झाला होता. मुंबईला ट्रान्सप्लांट झालं, धाकट्या भाऊजींनी पेशी दिल्या. चार महिने दहा दिवस झाले, दिवाळीच्या आधी गावी आलो. मुंबईत चाळिसाव्या दिवशी सीएमव्ही नावाचा व्हायरस रक्तात पॉझिटिव्ह आला होता, दोन आठवडे सलाईनमधून औषध चाललं, मग गोळ्या, मग निगेटिव्ह आला. आता मोठ्या जावेच्या पोराले माता निघाली. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तो यांच्याच मांडीवर बसून मोबाइल पाहात होता. यांना लहानपणी निघून गेली आहे. सासूबाई म्हणतात माता हाय, तिची ती जाते, दारात निंब लावा, डॉक्टर करू नका. यांच्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या संपून बारा दिवस झाले, मेडिकलवाला मागवून देतो म्हणाला होता. भाऊजी तर मनाला लावून बसले, त्यांना वाटते तो सीएमव्ही त्यांच्याच रक्तातून यांच्यात गेला. त्यांचं बाळ तीन महिन्यांचं आहे, त्याचे डोस चालू आहेत. पुढच्या महिन्यात नणंदेच्या पोरीचं लग्न आहे. मी कोणाकोणाला नाही म्हणू?"

ताई, पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून बरं झालं, पत्र वाचलं त्याच संध्याकाळी फोन केला, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. तुम्ही लगेच मुंबईच्या ट्रान्सप्लांट युनिटला कळवलं, त्यांनी त्याच रात्रीपासून गोळ्या सुरू करायला लावल्या अन् यवतमाळला तपासणीसाठी रक्त द्यायला सांगितलं हे तुम्ही नंतर सांगितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तरी सगळं इथे लिहून काढते, कारण आता आपल्याकडच्या गावातही ट्रान्सप्लांट झालेली माणसं परत यायला लागलीत, आणि तिकडे सिस्टरनं डिस्चार्जच्या दिवशी सांगितलेलं इथे पाहुण्यांच्या गलक्यात कुठल्या कुठे जातं. मी सतरा वर्षं ट्रान्सप्लांट वॉर्डात सिस्टर होते, डॉक्टर नाही. डोस किती, कोणती गोळी, हे तुमचं युनिटच ठरवेल.

आधी मातेचं. आपण माता म्हणतो त्या कांजण्या, आणि तो व्हायरस आहे, व्हॅरिसेला झोस्टर नावाचा. अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तो दुसऱ्याला लागतो. म्हणजे पोरगा मांडीवर बसला होता ते दिवस नेमके लागण व्हायचेच होते. तुम्हाला वाटलं असेल की लहानपणी निघून गेली, आता परत काय निघते. साध्या माणसाला ते खरं आहे. पण शरीराला त्या व्हायरसची जी ओळख होती ती जुन्या रक्तात होती, ते रक्त किमोनं काढून टाकून तिथे भाऊजींच्या पेशी लावल्या, आणि या नव्या पेशी अजून शिकतायत, त्यात टॅक्रोलिमसची गोळी त्यांना मुद्दाम दाबून ठेवते. म्हणून तुमच्या मालकांना आत्ता तान्ह्या लेकरासारखं समजायचं, तान्ह्याहून नाजूक समजा हवं तर.

अशी लागण झाल्याचं कळलं की तासांचा हिशोब असतो. एक तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, ते जितक्या लवकर, शक्यतो ९६ तासांच्या आत, उशिरात उशिरा १० दिवसांपर्यंत देतात. सगळीकडे ते मिळत नाही, मग व्हायरसविरोधी गोळ्यांवर ठेवतात. म्हणून "फोड येतात का पाहू, मग सांगू" हे चालत नाही, फोड यायच्या आधीच फोन जायला पाहिजे. लागण झाल्यापासून २१ दिवस पहारा ठेवायचा, ते इंजेक्शन दिलं असेल तर २८ दिवस. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, लागणीनंतरच्या आठव्या दिवसापासून ते स्वतःही दुसऱ्याला देऊ शकतात असं धरून चालतात, तर यवतमाळला रक्त द्यायला जाताना आधी फोन करून सांगा की कांजण्यांच्या संपर्कातला पेशंट येतोय, म्हणजे ते बाकीच्या पेशंटच्या रांगेत बसवणार नाहीत. तिथे आणखी कोणी तुमच्यासारखंच बसलेलं असू शकतं ना.

निंबाबद्दल सासूबाईंशी भांडू नका. निंब दारात राहू द्या, त्यांचं मन त्यात आहे, पोरालाही साध्या कांजण्या असतील तर तो आठ-दहा दिवसांत खेळायला लागेल. फक्त त्या घरात तुमचा माणूस नको. तुम्ही लिहिलंय दोन खोल्या सोडून झोपवलं, पण ताई तुमचं घर कवेलूचं, भिंती वरपर्यंत गेलेल्या नसतात, हवा सगळ्या घराची एकच, आणि हा व्हायरस हवेतून जातो. शेजारी चुलत सासऱ्यांचं स्लॅबचं घर रिकामं आहे म्हणालात, खपल्या पडेपर्यंत तिथे राहा दोघं. पोराला ताप असेल तर पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन देऊ नका.

आता त्या बारा दिवसांच्या गोळ्यांवर थोडं रागावू द्या मला. ॲसायक्लोव्हिर ही कॅन्सरची महागडी गोळी नाही, हाच कांजण्यांचा व्हायरस दाबून ठेवणारी साधी जुनी स्वस्त गोळी आहे, जनऔषधी केंद्रात विचारा, यवतमाळला मोठ्या मेडिकलात विचारा, नाही मिळाली तर युनिटला फोन करून "मिळत नाही, काय करू" म्हणा, पण "मागवून देतो" यावर बारा दिवस नाही. दुसऱ्याच्या पेशी लावलेल्या माणसाला ती निदान वर्षभर चालवतात, आणि टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड चालू असेपर्यंत बहुतेक त्याहून जास्त. पेशंट ती सोडतात कारण ती घेऊन काही बरं वाटत नाही, न घेऊन काही दुखत नाही. दुखेल तेव्हा नागीण झालेली असते.

नागिणीवर लिहायलाच पाहिजे कारण आपल्याकडे ती झाली की माणूस दवाखान्यात जात नाही, गेरू लावणाऱ्याकडे जातो. नागीण म्हणजे हाच कांजण्यांचा व्हायरस, लहानपणापासून नसांमध्ये दडून बसलेला, पहारा ढिला पडला की एका बाजूला पट्ट्यानं उठतो. वॉर्डात असताना वाशिमकडचे एक मास्तर आले होते, ट्रान्सप्लांटला सात महिने झाले होते, गोळी मनानंच बंद केलेली. कपाळाच्या उजव्या बाजूला आग आग, मग फोड. घरच्यांनी पाच दिवस गेरू लावला, मंत्र टाकला. मुंबईला पोचेपर्यंत डोळ्यात उतरलं होतं. जीव वाचला पण त्या डोळ्यानं त्यांना नंतर नीट दिसलं नाही, आणि त्यांच्या बायकोनं मला विचारलं होतं, सिस्टर पहिल्या दिवशी आलो असतो तर? मला त्या बाईला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देते, पहिल्या दिवशी या. अंगाच्या एकाच बाजूला आग किंवा ठणका असला, फोड नसले तरी, फोन. कधी कधी तर फोडांच्या आधी नुसतं पोट भयंकर दुखतं अन् सगळे गॅस समजून बसतात, तेही सांगा.

आता सीएमव्ही. तुम्ही विचारलं की तो परत येईल का. येऊ शकतो, आणि आला म्हणजे तुमची काही चूक झाली असं नाही. तुम्ही शेतकरी माणसं, हराळी तुम्हाला माहीत आहे. कितीही खांदा, वखरा, वरून रान साफ दिसतं पण मुळी जमिनीत राहतेच, आणि पीक विरळ असलं की तीच वर येते. हे व्हायरस तसेच आहेत, सीएमव्ही, कांजण्यांचा, ओठांवर फोड आणतो तो हर्पिस, एपस्टीन बार म्हणून एक आहे तो, सगळे एकदा शरीरात आले की जन्मभर राहतात. आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या अंगात सीएमव्ही आहेच, तुमच्या, माझ्याही असेल, कळलंही नसेल कधी आला ते. पीक दाट असलं की तो दबून राहतो. तुमच्या मालकांचं पीक आत्ता चार महिन्यांचं आहे, सरी अजून भरलेली नाही.

म्हणून तर ते दर आठवड्याला पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते मोजायची तपासणी, करत होते. सीएमव्ही आधी रक्तात वाढतो अन् मग फुफ्फुसात, आतड्यात, लिव्हरमध्ये, डोळ्यात उतरतो. रक्तात दिसला तेव्हाच औषध दिलं की पुढचं टळतं, तुमचं चाळिसाव्या दिवशी तेच झालं, पेशंटला काहीच त्रास नव्हता अन् तरी सलाईन लावली म्हणून तुम्हाला वाटलं उगाच घाबरवतात, पण ते अगदी वेळेवर केलेलं काम होतं. शंभर दिवस झाले की तपासण्या लांब लांब होतात, पण ज्यांना एकदा आलेला आहे, किंवा जे स्टेरॉइडवर आहेत, त्यांच्या पुढेही चालू ठेवतात. तुमची १५ दिवसांची तारीख ठरली आहे ना, कापूस वेचणीला माणसं नाहीत म्हणून ती पुढे ढकलू नका. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, कारण एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी सरळ जुळत नाही, वाढला का घटला हेच कळत नाही. रिपोर्ट आला की त्याच दिवशी युनिटला फोटो पाठवा.

परत आला तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या पुन्हा सुरू होतील. या गोळीनं पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून तिच्यासोबत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, ठरल्याप्रमाणे करायचाच. जेवणासोबत द्या, अख्खी गिळू द्या, तोडू किंवा कुटू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला तुटलेल्या गोळीला हात लावू देऊ नका. पैशाची अडचण आली तर गोळ्या अर्ध्या करून पुरवू नका हो, असं करणारे मी पाहिलेत. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला आधी सांगा, त्यांचं कामच ते आहे. तुम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिला होतात ना, तिथल्या ओळखीच्या लोकांनाही विचारा, तिथे राहिलेल्या पेशंटच्या घरच्यांना मदत कुठून मिळते हे चांगलं माहीत असतं.

बाकी काही खुणा सांगते, त्या सासूबाईंनाही सांगून ठेवा कारण तुम्ही वावरात असाल तेव्हा घरी त्याच असतात. ताप १००.४ झाला, एकदाच झाला तरी फोन, आणि थर्मामीटर लावल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही, नाहीतर ताप झाकतो अन् आतला आजार कळतच नाही. पातळ जुलाब लागले तर मेडिकलातून बंद करायची गोळी आणायची नाही, ते सीएमव्हीही असू शकतं आणि नव्या पेशी शरीरावर उलटल्या, ज्याला जीव्हीएचडी म्हणतात, तेही असू शकतं, दोन्हींची औषधं उलट आहेत, एकात प्रतिकार दाबायचा, दुसऱ्यात व्हायरस मारायचा, अन् कधी दोन्ही सोबत असतं, डॉक्टरलाही दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहावा लागतो. लघवी लाल झाली, आग होते, गाठी पडतात, तर ऊन लागलं म्हणून सबजा पाजत बसू नका, बीके नावाचा व्हायरस मूत्राशयात उठतो तेव्हा असं होतं, ॲडिनोव्हायरसनंही होतं. माणूस अचानक घोटाळल्यासारखं बोलायला लागला, सकाळचं विसरला, झटका आला, तर ते बाहेरचं नाही, मेंदूत व्हायरस असू शकतो, सरळ गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या, नागपूर नाहीतर सेवाग्राम, आणि निघतानाच युनिटला फोन लावा. मानेत, काखेत गाठ लागली आणि ताप जात नाही, तेही सांगा. दम लागतोय, डोळ्यासमोर धूसर दिसतंय, तेही.

आणि गावातल्या डॉक्टरनं कमरेत इंजेक्शन टोचू नये. त्यांचा वाईट हेतू नसतो, ताप अंगदुखी म्हटलं की डायक्लो देतात, पण प्लेटलेट कमी असतील तर टोचलेल्या जागी रक्त साकळतं अन् टॅक्रोलिमससोबत डायक्लो किडनीला जड जातं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्यांच्याकडे देऊन ठेवा. कधी रक्त चढवायची वेळ आली तर कोणत्याही दवाखान्यात "इरेडिएटेड रक्तच पाहिजे", म्हणजे किरणं देऊन तयार केलेलं, असं सांगायचं, हे कार्डावर लाल पेननं लिहून ठेवा.

बाळाच्या डोसांचं तुम्ही एका ओळीत लिहिलं पण ते महत्त्वाचं आहे. तोंडावाटे देतात ते पोलिओचे थेंब अन् रोटाव्हायरसचा डोस, यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, बाळाला तो काही करत नाही पण बाळाच्या शीवाटे काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून बाळाचे डोस बंद करायचे असं अजिबात नाही, बाळाचे डोस झालेच पाहिजेत. उपकेंद्रातल्या नर्सबाईला सांगा घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, आणि युनिटला विचारा की थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देऊन भागेल का. थेंब दिले असतील तर पुढचे चार ते सहा आठवडे मोठ्या बाबांनी लंगोट बदलायचा नाही, शी-शूला हात लावायचा नाही, आणि ज्यानं बदलला त्यानं साबणानं हात धुवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका, जुलाबाच्या काही व्हायरसना त्याचं फार काही वाटत नाही, साबण अन् वाहतं पाणीच पाहिजे. स्वतः यांना जिवंत लसी, म्हणजे गोवराची, कांजण्यांची, दोन वर्षं तरी द्यायच्या नसतात, अन् तेव्हाही ती दाबून ठेवणारी औषधं बंद झालेली असली तरच. बाकीच्या लसी लहान लेकरासारख्या पहिल्यापासून परत द्याव्या लागतात, त्याचा तक्ता युनिट देईल.

पाणी उकळूनच, गावातल्या नळाचं असो का विहिरीचं. हिपॅटायटिस ई पाण्यातून येतो, साध्या माणसाची कावीळ महिना-दीड महिन्यात उतरते, यांच्यासारख्यात तो लिव्हरला जास्त जड जाऊ शकतो. गुळवेलाचा काढा कोणी प्रेमानं आणून देईल, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून, तो घेऊ नका, गुळवेलानं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, आणि इथे प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम आवरून धरतायत. पपनसही नको, त्यानं टॅक्रोलिमस रक्तात वाढू शकतं. गोठ्यात शेण काढणं, सोयाबीनच्या कुटाराची धूळ, हे यावर्षी नाहीच, त्यात व्हायरसपेक्षा बुरशीची भीती जास्त.

राहिलं लग्न. तुमचा खरा प्रश्न मला वाटते हाच होता, कोणाकोणाला नाही म्हणू. पुढच्या महिन्यात यांचे साडेपाच महिने होतील, ऐन थंडीत, मांडवात पाचशे माणूस, त्यात दहा जण खोकणारे. फ्लू, आरएसव्ही, कोविड, पॅराइन्फ्लुएन्झा, हे आपल्याला सर्दी म्हणून जातात आणि यांच्या छातीत उतरून न्यूमोनिया करतात, आणि यातल्या बऱ्याच व्हायरसवर नेमकं औषधच नाही. लग्नाला तुम्ही जा, ते नाही. नणंदबाईंना "सिस्टरनं सांगितलं" म्हणा, हे पत्र दाखवा. नवरा-नवरी नंतर कधी अंगणात, उघड्यावर, सर्दी-खोकला नसताना, मास्क लावून पाच मिनिटं पाया पडून जातील. तीन महिन्यांचं बाळ सोडून घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस आत्ताच घ्या, यांची साधारण सहा महिन्यांनी असते, तारीख विचारून घ्या. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही नाही म्हणायचं नाही, नवी सून वाईट होते, ते काम सासऱ्यांकडे द्या. त्यांनी दारात खुर्ची टाकून बसावं आणि "डॉक्टरनं नाही सांगितलं बाप्पा" म्हणावं, मोठ्या माणसाचं कोणी मनावर घेत नाही.

आणि भाऊजी. त्यांना हा भाग तुम्हीच वाचून दाखवा. भाऊ, तुमच्या वहिनींनी लिहिलं की तुम्ही जेवत नाही नीट, तुमच्यामुळे दादाला व्हायरस लागला असं म्हणता. तुमच्या दादाची ट्रान्सप्लांटच्या आधीची तपासणी पॉझिटिव्ह होती, वहिनींनी मला फाइलचा फोटो पाठवला. म्हणजे सीएमव्ही त्यांच्या अंगात आधीपासूनच होता, तुम्ही पेशी द्यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. आणि तुमचीही पॉझिटिव्ह होती, तर ते उलट चांगलं झालं. पेशंटमध्ये व्हायरस आहे आणि देणाऱ्याला त्याची ओळखच नाही तेव्हा जास्त जड जातं, कारण नव्या पेशींना शून्यापासून शिकावं लागतं. तुमच्या पेशींनी हा व्हायरस आधी पाहिलेला आहे. आत्ता दादाच्या अंगात त्याच्याशी जे लढतंय ते तुमचंच रक्त आहे. जेवा दोन घास. आणि उद्या रक्ताच्या तपासणीसाठी दादाला यवतमाळला घेऊन कोणाला तरी जायचंय, वहिनी सांगत होत्या गाडी तुमचीच आहे.